रचना चांगली आहे हे कळते कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षे तुम्ही प्रोग्रामर म्हणून काम करत आहात, तुमचा कोड चालतो, टेस्ट पास होतात, तरीही रिव्ह्यूमध्ये, म्हणजे कोड तपासताना, ज्येष्ठ सहकारी ‘चालेल, पण बरे वाटत नाही’ एवढाच शेरा मारतात आणि कारण विचारले की ‘अनुभवाने कळेल’ म्हणून विषय संपवतात. ही जाण नेमकी कशाची असते आणि केस पिकण्याची वाट न पाहता ती तयार करता येते का, असे तुम्ही विचारले आहे. उदाहरणादाखल तुम्ही ग्राहकाला सूचना पाठवणारे एक फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, दिले आहे. त्याला चार खरे-खोटे पॅरामीटर, म्हणजे ते बोलावताना द्यायची हो-नाही उत्तरे, आहेत : एसएमएस पाठवायचा का, ईमेल पाठवायचा का, सूचना तातडीची आहे का आणि रात्री पाठवली तर चालेल का. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

आधी आवड आणि जाण यांची फारकत करू. कंस कोणत्या ओळीवर असावा, नावे लांब असावीत की आखूड, फंक्शन किती ओळींचे असावे, ही बव्हंशी आवड आहे. तिच्यावर रिव्ह्यूत वेळ घालवण्यापेक्षा कोडची मांडणी आपोआप करणारा फॉरमॅटर लावून मोकळे व्हावे. मला जिला जाण म्हणायचे आहे ती वेगळी. आज लिहिलेल्या कोडमध्ये उद्या बदल करायची वेळ येईल तेव्हा काम कुठे अडेल आणि किती महाग पडेल, हे आजच दिसणे म्हणजे जाण. ती भविष्याविषयीची अटकळ आहे, आणि अटकळ असल्यामुळे ती बरोबर ठरते किंवा चूक ठरते. ‘अनुभवाने कळेल’ हे उत्तर अपुरे का, तेही यात आले. अनुभव सगळ्यांनाच येतो. आपली अटकळ आणि पुढे प्रत्यक्षात जे घडले ते शेजारी ठेवून पाहणारे मात्र थोडे असतात.

माझे शिक्षण झाले ते करआकारणीच्या कोडमध्ये. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 रोजी मूल्यवर्धित कर लागू झाला तेव्हा मी पुण्यात बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर नवखा होतो, आणि आजही तेच काम करतो. काही वर्षांनी एका उत्पादनातला सेवाकराचा भाग माझ्याकडे आला. तेव्हा दर 12.36 टक्के होता : मूळ कर 12 टक्के, त्या करावर 2 टक्के शिक्षण उपकर आणि 1 टक्का माध्यमिक व उच्च शिक्षण उपकर. मी बिलाच्या टेबलात तीन कॉलम केले, एक कराचा आणि दोन उपकरांचे. हिशेबाचे फंक्शन आधी मूळ कर काढत असे आणि मग त्या करावर उपकर. कोड सुटसुटीत होता. रिव्ह्यूत कोणी हरकत घेतली नाही, आणि तपासणारा मी असतो तर मीही घेतली नसती.

1 जून 2015 रोजी दर 14 टक्के झाला आणि शिक्षणाचे दोन्ही उपकर त्यात सामावले गेले. दोन कॉलम रिकामे पडले, एवढेच. 15 नोव्हेंबर 2015 रोजी अर्ध्या टक्क्याचा स्वच्छ भारत उपकर आला. तो रिकाम्या कॉलमात बसवायला गेलो आणि अडकलो, कारण हा उपकर करावर नव्हता, थेट सेवेच्या मूल्यावर होता. शिवाय त्याचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची पुढच्या करातून वजावट, घेता येत नव्हते. मग नवा कॉलम, फंक्शनमध्ये नवी अट, छापील बिलात नवी ओळ, विवरणपत्राच्या अहवालात नवी बेरीज. 1 जून 2016 रोजी कृषी कल्याण उपकर आला. तोही मूल्यावर अर्धा टक्काच होता, पण त्याचे क्रेडिट मात्र मिळत होते, तेही फक्त त्याच उपकराच्या भरण्यासाठी. पुन्हा कॉलम, पुन्हा अट. वर्षभरात तीन बदल झाले आणि शेवटच्या बदलाला मी मोजून 17 फाइलींना हात लावला.

कराचा दर बदलेल हे मी धरून चाललो होतो. तो मी सेटिंगमध्ये ठेवला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण कराचे घटक किती, ते कशावर मोजायचे आणि त्यांचे क्रेडिट मिळते की नाही, हेसुद्धा बदलू शकते हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ती माहिती मी नकळत कॉलमच्या नावांत, बिलाच्या छपाईत आणि अहवालात विखरून ठेवली होती.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 सालच्या एका शोधनिबंधात नेमके हेच मांडले आहे. मी तो तोवर वाचलेलाही होता. वाचणे आणि अंगी मुरणे यांत बरेच अंतर असते. त्यांचे उदाहरण लहान आहे. काही ओळी घ्यायच्या, प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी ठेवत ठेवत तिची सगळी रूपे तयार करायची, आणि ती सर्व अकारविल्हे लावून छापायची. असा प्रोग्राम लिहायला बसले की आपण त्याचे तुकडे कामाच्या क्रमाने पाडतो : वाचणारा, शब्द फिरवणारा, क्रम लावणारा, छापणारा. पार्नास यांनी दाखवले की या विभागणीत ओळी मेमरीत कशा ठेवल्या आहेत हे जवळजवळ प्रत्येक तुकड्याला ठाऊक असावे लागते, आणि म्हणून तो एक निर्णय बदलला की सगळीकडे हात घालावा लागतो. त्यांचे म्हणणे असे की जे निर्णय अवघड आहेत किंवा बदलण्याचा संभव आहे त्यांची आधी यादी करावी, आणि एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या, म्हणजे तुकड्याच्या, पोटात असा ठेवावा की बाहेर त्याचा पत्ताही लागू नये. दोन्ही विभागण्यांचे प्रोग्राम उत्तर एकच देतात. टेस्ट दोन्हींच्या पास होतात. तुमच्या सहकाऱ्यांना ‘बरे वाटत नाही’ ते बहुधा अशाच एखाद्या विखुरलेल्या माहितीमुळे, पण त्यांनी तिला नाव दिलेले नसते.

त्या 17 फाइलींनी पोळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो, आणि ही चूक पहिलीपेक्षा महाग पडली. जीएसटी येणार हे दिसत होते, तेव्हा कोणताही कर, कोणताही उपकर, कोणतेही सूत्र एक्सएमएल या मजकुरी फॉरमॅटच्या फाइलीत लिहिता येईल असे नियमांचे इंजिन मी बांधले. पहिली सिस्टिम जपून बांधणारा माणूस दुसऱ्या सिस्टिममध्ये मनात साठलेले सगळे कोंबतो, असा इशारा संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 सालीच देऊन ठेवला होता. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि इंजिन चालले. कोड न बदलता फक्त फाइली बदलल्या, म्हणून कौतुकही झाले. मात्र ज्या सल्लागारांनी त्या फाइली भराव्यात अशी कल्पना होती त्यांपैकी कोणीही कधी त्या उघडल्या नाहीत. मी आणि आणखी एक सहकारी, असे दोघेच त्या लिहीत होतो. म्हणजे आम्ही कोडच लिहीत होतो, फक्त अशा भाषेत की जिला चुका शोधणारा डिबगर नाही, टेस्ट नाहीत आणि चूक झाली तर ओळ क्रमांकही मिळत नाही.

त्याच वर्षी 15 नोव्हेंबर रोजी बऱ्याच वस्तू 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आल्या आणि आमच्याकडे तक्रारी सुरू झाल्या. ऑक्टोबरमध्ये 28 टक्क्यांनी विकलेला माल डिसेंबरमध्ये परत आला, तर त्याची क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने निघायला हवी. आमची निघाली 18 टक्क्यांनी. दरांना तारखा होत्या, पण दर विचारताना आम्ही समोरच्या कागदाचीच तारीख पाठवत होतो. नव्या बिलालाही एकच तारीख पुरत नाही. दर बदलाच्या आसपास व्यवहार झाला असेल, तर मालाचा पुरवठा, बिल आणि पैसे मिळणे या तीन घटनांपैकी ज्या बाजूला दोन, त्या बाजूचा दर, असा सर्वसाधारणपणे कायद्याचा हिशेब आहे. आमचे इंजिन ज्या दहा दिशांना वाकत होते त्यांपैकी एकाही दिशेने बदल आला नाही, आणि ज्या दिशेने आला तिकडे ते ताठ होते. तेव्हापासून कोणी ‘हे खूप लवचीक आहे’ म्हटले की मी ‘कोणत्या बाजूला?’ असे विचारतो. तरुण इंजिनिअरांच्या कोडमध्ये मला विखुरलेल्या माहितीइतकाच हाही दोष दिसतो. एकाच अंमलबजावणीसाठी इंटरफेस (कोड बाहेरून वापरायचा ठरलेला दरवाजा), त्यावर फॅक्टरी (ती अंमलबजावणी तयार करून देणारा कोड), आणि त्या सगळ्याचे कारण विचारले तर ‘उद्या लागेल’. उद्या काय लागेल याचे एक वाक्य लिहिता येत नसेल, तर ती तरतूद काढून टाकावी.

2018 मध्ये आम्ही ते इंजिन मोडले. त्याच्या जागी जे आले ते पाहून नवा माणूस ‘यात काय विशेष?’ म्हणेल. बिलाच्या प्रत्येक ओळीला करघटकांची एक यादी असते, आणि प्रत्येक घटकाला नाव, दर, कशावर मोजला ती रक्कम आणि कराची रक्कम असते. राज्यांतर्गत विक्रीत यादीत केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी हे दोन घटक, परराज्यातील विक्रीत आयजीएसटी हा एकच; काही वस्तूंना तेव्हा भरपाई उपकराचा आणखी एक असे. दर कोणता हे ठरवणारे फंक्शन एकच आहे, आणि त्याला तारीख दिली जात नाही तर व्यवहार दिला जातो. कोणती तारीख पाहायची हे ते स्वतः ठरवते. बिल छापणाऱ्या कोडला राज्य, परराज्य, उपकर यांतले काहीही कळत नाही. यादीत जेवढे असेल तेवढे तो छापतो.

शेवटच्या मुद्द्याचे एक प्रसिद्ध भावंड आहे. लिनक्सचे जनक लिनस तोर्वाल्ड्स यांनी 2016 साली टेड या व्याख्यानमालेच्या मंचावर चांगल्या अभिरुचीचा नमुना म्हणून एका लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे ज्या साखळीतल्या प्रत्येक कडीत (नोडमध्ये) पुढच्या कडीचा पत्ता असतो तिच्यातून, एक नोड काढून टाकण्याचे दोन प्रकार दाखवले होते. शिकवण्यांमध्ये सांगतात तो पहिला : मागचा नोड लक्षात ठेवत पुढे जायचे, हवा तो नोड सापडला की मागच्याला पुढच्याशी जोडायचे, आणि मागे कोणी नसेल, म्हणजे पहिलाच नोड काढायचा असेल, तर त्यासाठी वेगळी अट. दुसऱ्या प्रकारात मागचा नोड लक्षात ठेवतच नाहीत. या नोडकडे येणारा पत्ता ज्या जागी लिहिलेला आहे ती जागा लक्षात ठेवतात. पहिल्या नोडचा पत्ताही कुठेतरी लिहिलेला असतोच, लिस्टच्या सुरुवातीच्या पॉइंटरमध्ये. त्यामुळे पहिला नोड आणि मधला नोड हा भेदच उरत नाही आणि अट आपोआप गळून पडते. काही ओळी कमी झाल्या हे यातले महत्त्वाचे नाही. प्रश्नाकडे बघण्याची जागा बदलली की अपवाद नाहीसा होतो, हे महत्त्वाचे. कोडमध्ये ‘जर पहिला असेल तर’, ‘जर परराज्यातला असेल तर’ अशा अटी वाढू लागल्या की मी अटी नीट मांडायला बसत नाही. आपण माहिती चुकीच्या आकारात तर साठवलेली नाही ना, हे आधी पाहतो.

22 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले, तेव्हा ही साधी रचना निभावून गेली. सगळेच निभावले असे नाही. आमच्या किरकोळ विक्रेत्यांच्या किमती आम्ही करासह साठवल्या होत्या. दर उतरला तरी ग्राहकाने द्यायची रक्कम तीच राहिली आणि कराशिवायची किंमत मात्र आपोआप वाढली. दरकपातीचा फायदा ग्राहकाला द्यायला निघालेल्या दुकानदारांना हे अर्थातच चालणारे नव्हते. किंमत करासह साठवायची की कराशिवाय, हा निर्णय आहे हेच आमच्यापैकी कोणाला कधी सुचले नव्हते.

आता ही जाण जाणूनबुजून कशी वाढवावी. माझा सगळ्यात मोठा भरवसा एका साध्या वहीवर आहे. रचनेचा कोणताही मोठा निर्णय घेताना तारीख टाकून तीन-चार ओळी लिहाव्यात : कोणता बदल येईल असे वाटते, तो आल्यास किती ठिकाणी हात लावावा लागेल, आणि कोणता बदल येणार नाही असे आपण धरून चाललो आहोत. सहा महिन्यांनी, वर्षाने ती पाने परत वाचावीत. हे न केल्यास मन लबाडी करते. जे घडले ते आपल्याला आधीच ठाऊक होते असे वाटू लागते. डोनाल्ड कनुथ यांनी टेक या आपल्या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममधील चुकांची नोंद 1978 पासून ठेवली आणि 1989 मध्ये ती वर्गवारीसह प्रसिद्ध केली. त्यांच्यासारख्या माणसाला वहीची गरज वाटली, तर आपली काय कथा.

वहीला फळ यायला मात्र त्याच कोडजवळ राहावे लागते. आपल्याकडे दीड वर्षात नोकरी बदलण्याची रीत आहे आणि पगाराच्या दृष्टीने ती चुकीची म्हणता येणार नाही. पण आपल्या निर्णयाचे बिल यायच्या सुमारास आपण हिंजवडीतल्याच दुसऱ्या इमारतीत गेलेलो असतो आणि ते बिल दुसरा कोणीतरी भरतो. नोकरी बदलायचीच असेल तर निदान दुसऱ्यांनी मागे ठेवलेली बिले वाचावीत. नव्या ठिकाणी गेल्यावर मी आधी कोड वाचत नाही, त्याचा इतिहास वाचतो. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या लॉगमधून गेल्या वर्षभरात सर्वांत जास्त वेळा कोणत्या फाइली बदलल्या आणि कोणत्या दोन फाइली नेहमी एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलात, बदलतात हे काढता येते. ज्या दोन फाइलींचा वरकरणी संबंध नाही आणि तरीही त्या जोडीने बदलतात, त्यांनी एखादे गुपित आपसात वाटून घेतलेले असते. ते गुपित कोणते, हे शोधण्यात घालवलेली एक दुपार रचनेवरच्या पाच व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवते. सपोर्टची पाळीही टाळू नये. क्रेडिट नोटची ती चूक मला टेस्टने नव्हे, नागपूरच्या एका वितरकाच्या फोनने शिकवली.

तयार इंटरफेस चाखून पाहण्याचाही उपयोग होतो. युनिक्समध्ये फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे आणि बंद करणे एवढ्या मोजक्या कॉल्सच्या मागे डिस्कची जात, कॅश, परवानग्या, ब्लॉकची मांडणी हे सगळे दडलेले आहे, आणि टर्मिनल व पाइपही त्याच कॉल्सनी वाचता येतात. याउलट जावाच्या पहिल्या आवृत्तीतला तारखेचा क्लास पाहा. जीएसटीची तारीख, 1 जुलै 2017, त्यात लिहायची तर आकडे द्यावे लागतात 117, 6, 1 : वर्ष 1900 पासून मोजलेले, महिना शून्यापासून, दिवस मात्र एकपासून. हा विक्षिप्तपणा सी भाषेकडून वारशाने आला आहे. तिथे महिन्याचा आकडा थेट महिन्यांच्या नावांच्या ॲरेमध्ये वापरता येत असे, म्हणून शून्यापासून मोजण्याला अर्थ होता. वाईट रचना दिसली की तिला हसण्याआधी ती कोणत्या परिस्थितीत शहाणपणाची होती हे शोधावे. 2014 मध्ये जावा 8 ने तारखांसाठी नवे पॅकेज दिले. या दोहोंची कागदपत्रे शेजारी ठेवून एक संध्याकाळ वाचण्यासारखी आहेत.

सगळ्याच निर्णयांना सारखा वेळ देऊ नये. फंक्शनच्या आतला गोंधळ कोणीही उद्या आवरू शकतो. साठवलेल्या डेटाची मांडणी आणि इतरांनी वापरायला घेतलेला इंटरफेस मात्र सहजी बदलत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये मेक हे प्रोग्राम बांधण्याचे साधन लिहिले, आणि त्यातल्या आदेशाच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा हा नियम जाचक आहे हे लवकरच लक्षात आले; पण तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांचे काम मोडू नये म्हणून तो तसाच राहिला. तो टॅब आजही आपल्याला छळतो. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या मंडळींनी उलट 2004 सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून फाइलीचा फॉरमॅट जुन्याशी सुसंगत ठेवला आहे आणि 2050 पर्यंत सांभाळण्याचा इरादा जाहीर केला आहे.

रिव्ह्यूबद्दल एक व्यावहारिक सूचना. ‘बरे वाटत नाही’ या शेऱ्यावर ‘का?’ विचारू नका, कारण त्याचे उत्तर पुष्कळांना खरोखरच शब्दांत देता येत नाही. ‘कोणता बदल आला तर हे अडेल?’ असे विचारा. उत्तर मिळाले तर ते वहीत उतरवा. ‘तसे काही नाही’ असे आले, तर तो शेरा आवडीचा होता असे समजून पुढे जावे. कोड लिहून देणारी साधने आता सर्रास वापरली जातात, आणि त्यांनी दिलेल्या कोडलाही हाच प्रश्न लावावा. चालणारा कोड मिळणे स्वस्त झाल्यामुळे 17 फाइलींमध्ये माहिती विखुरणेही तेवढेच स्वस्त झाले आहे.

तुमचे ते फंक्शन. ते जिथून बोलावले जाते तिथे वाचणाऱ्याला ‘खरे, खोटे, खोटे, खरे’ एवढेच दिसते, ही गैरसोय खरी असली तरी वरवरची आहे. चार पॅरामीटरच्या 16 जोडण्या होतात. प्रत्यक्षात किती वापरल्या आहेत त्या शोधून कागदावर मांडा. माझा अंदाज चार किंवा पाच. मग तुमच्या लक्षात येईल की एसएमएस आणि ईमेल हे दोन पॅरामीटर म्हणजे माझे उपकरांचे कॉलम आहेत. व्हॉट्सॲप आले की पाचवा लागेल, म्हणून ती माध्यमांची यादी असायला हवी. तातडी आणि रात्रीची मुभा हे बोलावणाऱ्याने ठरवायचे विषयच नाहीत. ओटीपी आहे की थकबाकीची आठवण, एवढे त्याने सांगावे; ओटीपी मध्यरात्रीही जातो आणि थकबाकीची आठवण जात नाही, हे एकाच ठिकाणी लिहिलेले असावे. पण हे फंक्शन जर तीनच ठिकाणांहून बोलावले जात असेल, तर आज त्याला हात लावू नका. वहीत आजची तारीख टाका, व्हॉट्सॲप कधी येईल आणि तेव्हा किती फाइली बदलाव्या लागतील याचा आकडा लिहा, आणि ते काम येईल तेव्हा वही उघडून मोजा.